अडखळता राजा आणि नटाची कसोटी

राजाचा अधिकार प्रेक्षकांना दिसतो त्याहून अधिक ऐकू येतो. मुकुट, सिंहासन, चवऱ्या ही आहार्याची सामग्री कोणाच्याही अंगावर चढविता येते. परंतु आज्ञा तोंडातून निघावी लागते, आणि ती एका दमात निघावी अशी आपली अपेक्षा असते. आपल्या ऐतिहासिक नाटकांनी व चित्रपटांनी ही अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या पोसली आहे. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतील छत्रपती असोत, वसंत कानेटकरांच्या १९६२ सालच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकातील डॉ. काशीनाथ घाणेकरांचे संभाजीराजे असोत, की ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील पृथ्वीराज कपूर यांचा अकबर असो. राजा म्हटला की पल्लेदार वाक्य आलेच, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. अशा परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकांपुढे ज्याची जीभ पहिल्याच अक्षरावर अडते असा राजा उभा करावयाचा झाल्यास नटाने काय करावे? प्रस्तुत लेखात याच एका प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विषय परदेशी चित्रपटांचा, आणि तो बालाघाटसारख्या आडवळणाच्या जिल्ह्यातील शिक्षकाने हाती घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न आमच्या रोजच्या व्यवसायाचाच आहे. वैनगंगेच्या काठच्या आमच्या या भागात मुलाच्या घरी मराठी किंवा पवारी, शाळेत हिंदी आणि वरच्या वर्गांत इंग्रजी अशी भाषांची उतरंड असते. तीत तोतऱ्या मुलाची अवस्था दुहेरी अवघड होते. धडा मोठ्याने वाचण्याची त्याची पाळी आली की वर्गात जे घडते ते प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. वाचणारा थांबतो, मागच्या बाकावरून नक्कल सुरू होते, आणि ती नक्कल बहुधा कोणत्या तरी पडद्यावरील नटाची असते. तोतरेपणाकडे कसे पाहावयाचे हे मुले पुस्तकातून शिकत नाहीत, पडद्यावरून शिकतात. म्हणून पडद्यावरील नट या बाबतीत काय करतो, याचा हिशेब आम्हांस ठेवावा लागतो.

आरंभी एक शास्त्रीय भेद स्पष्ट केला पाहिजे. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आणि आठ सात्त्विक भावांत स्वरभंगाला स्थान दिले. स्वरभंग म्हणजे भय, हर्ष, क्रोध, शोक अशा भावनेच्या वेगाने कंठ दाटून येणे. तो क्षणिक असतो. भावना ओसरली की स्वर पूर्ववत होतो. तोतरेपणा ही सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. तो भावनेचा परिणाम नसून वाणीच्या घडणीचा भाग आहे. बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात तो प्रकट होतो. पुष्कळ मुलांचा जातो, आणि प्रौढांत सुमारे शंभरात एकाच्या वाट्याला उरतो. त्याचे मूळ बहुतांशी मेंदूतील वाणीच्या नियमनात असते व त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, असे आजचे शास्त्र सांगते. भीती त्याला वाढविते, पण जन्म देत नाही.

हा भेद आमच्या बोलीनेच पुसून टाकला आहे. घाबरलेल्या माणसाची आपण ‘बोबडी वळली’ म्हणतो. खोटे उघडे पडलेला माणूस ‘त त प प’ करू लागतो. म्हणजे जीभ अडखळली की मनात भय तरी आहे किंवा पाप तरी आहे, असा निकाल भाषेने आधीच देऊन ठेविला आहे. सामान्य नट हाच निकाल शिरोधार्य मानतो. तोतऱ्याची भूमिका मिळाली की तो स्वरभंगाचा अभिनय करतो, डोळे भिरभिरवितो, हात थरथरवितो आणि पहिले अक्षर तीन वेळा उच्चारून मोकळा होतो. ‘डर’ (१९९३) या चित्रपटात शाहरुख खान यांच्या पात्राची जीभ नायिकेच्या नावावर अडखळते. तेथे तो अडखळ मनोविकृतीची खूण म्हणून योजिला आहे, आणि पुढे वर्षानुवर्षे नकलाकारांनी त्यावर हशा वसूल केला. याउलट विशाल भारद्वाज यांच्या ‘कमीने’ (२००९) मध्ये शाहिद कपूर यांनी जुळ्या भावांच्या दोन भूमिका केल्या. एक तोतरा, दुसरा ‘स’च्या जागी ‘फ’ उच्चारणारा. तेथे वाग्दोष हा स्वभाव नव्हे, हे नटाने ओळखले होते. दोषासह दोन्ही भाऊ आपापल्या मार्गाने बरेवाईट वागतात.

राजकुळ आणि वाग्दोष यांची गाठ आपल्या परंपरेत पडलीच नाही असे मात्र नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील राजाचा मेहुणा संस्थानक ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारतो व म्हणूनच त्याला शकार हे नाव पडले. त्याचा उच्चार, त्याचे अज्ञान आणि त्याचे क्रौर्य ही तिन्ही एकाच जातीची आहेत असे नाटककार सुचवितो. देवलांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे हा शकार मराठी प्रेक्षकांच्या ओळखीचा झाला, आणि गिरीश कर्नाड यांच्या ‘उत्सव’ (१९८४) या चित्रपटात शशी कपूर यांनी तो पडद्यावर आणला. सत्तेच्या सावलीत वावरणाऱ्या माणसाची जीभ वाकडी दाखवून त्याला हसावे, ही एक रीत झाली.

दुसरी कथा आपल्या गोदाकाठची, प्रतिष्ठानची म्हणजे पैठणची आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील सातवाहन राजा जलक्रीडा करीत असता राणी त्याला, पाण्याने मारू नका, असे संस्कृतात म्हणते. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी होऊन ‘मोदकैः’ असे रूप होते. संधी न कळलेला राजा मोदक मागवितो. राणी हसते, परिवार हसतो, आणि राजा अंतःपुरात जाऊन मौन धरून पडतो. पुढे शर्ववर्मा त्याला सहा महिन्यांत व्याकरण शिकवितो. येथे वाग्दोष नाही, अज्ञान आहे. परंतु हशा, लज्जा, मौन आणि गुरू हा क्रम नीट पाहावा. पुढे ज्या इंग्रजी चित्रपटाचा विचार करावयाचा आहे, त्याचा सांगाडा बहुतांशी हाच आहे.

तो चित्रपट म्हणजे टॉम हूपर दिग्दर्शित ‘द किंग्ज स्पीच’ (२०१०). त्याचा नायक सहावा जॉर्ज हा हिंदुस्थानचा शेवटचा बादशहा. त्याचा दिल्ली दरबार कधी भरलाच नाही. आमच्या वाडवडिलांनी तो पाहिला तो रुपयावर आणि पोस्टाच्या तिकिटावर. नाण्यावरचा राजा मुका असतो, ही त्याची मोठी सोय. प्रत्यक्षातील राजाला ती सोय नव्हती. १८९५ साली जन्मलेला हा राजपुत्र लहानपणापासून तोतरा होता. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी वेम्बली येथील साम्राज्य-प्रदर्शनाच्या समारोपाचे त्याचे भाषण श्रोत्यांइतकेच त्यालाही यातनामय झाले. १९२६ मध्ये तो लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन वाणीशिक्षकाकडे गेला. डिसेंबर १९३६ मध्ये थोरल्या भावाने सिंहासन सोडले व ते याच्याकडे आले, आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारल्याची वार्ता त्याला आकाशवाणीवरून साम्राज्याला सांगावी लागली.

आकाशवाणी हा या कथेचा मर्मबिंदू आहे. चित्रपटातील पाचवा जॉर्ज आपल्या मुलाला बजावतो की, पूर्वी राजाने गणवेषात शोभून दिसावे व घोड्यावरून पडू नये एवढेच पुरे होते. आता लोकांच्या घरात शिरून त्यांची मने राखावी लागतात, राजे लोक नट झाले आहेत. मग ज्या राजाला नट होता येत नाही त्याची भूमिका नटाने करावयाची, असा हा दुहेरी पेच आहे. कॉलिन फर्थ यांना या भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले ते सर्वश्रुत आहे. पण पारितोषिकाने गुणाचा उलगडा होत नाही. तो उलगडा असा की, फर्थ अक्षरांची आवृत्ती फारशी करीतच नाहीत. ते अक्षरापूर्वीचा अडसर दाखवितात. जबडा आवळला जातो, कंठमणी वर जाऊन तेथेच थांबतो, श्वास असतो पण त्याला वाट नसते. त्या निःशब्द क्षणांत प्रेक्षक श्वास रोखून धरतो. आवृत्तीने हसू येते. अडसराने श्रम दिसतात. भीतीही तेथे आहे, पण ती तोतरेपणाचे कारण म्हणून नव्हे, तर पुन्हा अडणार या अनुभवसिद्ध जाणिवेने आलेली आहे. भरताच्या परिभाषेत बोलावयाचे तर फर्थ यांनी तोतरेपणा वाचिकात ठेविला आणि सात्त्विकासाठी लज्जा व संताप राखून ठेविले. अनेकांना न साधलेला भेद त्यांनी येथे साधला.

दिग्दर्शकाची साथही लक्षात घेण्याजोगी आहे. वेम्बलीच्या प्रसंगी कॅमेरा वक्त्याइतकाच श्रोत्यांकडे वळतो; त्यांच्या खाली गेलेल्या नजरा, अवघडलेले चेहरे आपण पाहतो. तोतरेपणा एकट्या बोलणाऱ्याच्या तोंडात घडत नाही, बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये घडतो, हे सत्य तेथे न सांगता कळते. लोग राजपुत्राच्या कानांवर संगीताचा गदारोळ करून त्याच्याकडून हॅम्लेटचे स्वगत वाचून घेतो व ध्वनिमुद्रिकेत ते अस्खलित उमटते, हा प्रसंगही शास्त्राला धरून आहे. स्वतःचा आवाज कानी पडला नाही, किंवा शब्द गाऊन म्हटले, की पुष्कळांचा अडखळ कमी होतो. आपल्याकडे वेखंड मधात उगाळून जिभेला लावतात. तिकडचे वैद्य चित्रपटात काचेच्या गोट्या तोंडात धरावयास लावतात. दोन्ही उपाय जिभेवरचे, आणि दुखणे केवळ जिभेचे नाही.

तथापि या चित्रपटाविषयी आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला कारणमीमांसेचा. डावखुऱ्या मुलावर उजव्या हाताची सक्ती, पायांना बांधलेल्या खपाट्या, दुष्ट दाई, कठोर पिता अशी बालपणीची दुःखे एकामागून एक सांगून तोतरेपणाचा जणू पंचनामा केला आहे. दुःखे खरी असतील; पण त्यांतून तोतरेपणा उपजला हे सूचन आजच्या ज्ञानाशी जुळत नाही. त्यामुळे नटाने मिटविलेला भय आणि वाग्दोष यांचा घोटाळा लेखक मागच्या दाराने परत आणतो. आश्चर्य असे की पटकथाकार डेव्हिड सायडलर हे स्वतः बालपणी तोतरे होते. कदाचित कारण सापडावे ही तोतऱ्या माणसाची स्वतःचीच तहान असेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतिहासात या राजपुत्राने मे १९२७ मध्ये कॅनबेरा येथे पार्लमेंटच्या उद्घाटनाचे भाषण चांगले पार पाडले होते. म्हणजे लोगच्या शिक्षणाचा गुण काही महिन्यांतच दिसू लागला होता. पुढचे सारे आयुष्य हे त्या मिळविलेल्या वाणीला रोज सांभाळण्याचे होते. चित्रपटाने ही संथ, कंटाळवाणी, थोर मेहनत आवळून १९३९ च्या एका भाषणात विजय म्हणून बांधली, आणि तिच्याखाली बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीची लाट सोडली. परिणाम भव्य आहे यात संशय नाही. परंतु प्रेक्षक घरी जाताना काय घेऊन जातो? राजा अखेर बोलू शकला म्हणून तो राजा ठरला, हेच ना? मग ज्याला बोलता येणार नाही त्याचे काय? चित्रपटालाही ही टोचणी असावी. भाषण संपल्यावर लोग म्हणतो की एका अक्षरावर अजून अडखळ होतो, तेव्हा राजा उत्तर देतो की, बोलणारा मीच आहे हे लोकांना कळावे म्हणून तेवढे ठेवावे लागले. हे एक वाक्य साऱ्या विजयसंगीताहून मोलाचे आहे. तसेच हिटलरच्या भाषणाची चित्रफीत पाहून राजा उद्गारतो की, हा काय म्हणतो ते कळत नाही, पण म्हणतो मात्र झकास. अस्खलित वाणी म्हणजे सद्गुण नव्हे, याची जाण पल्लेदार संवादांवर टाळ्या देणाऱ्या आपल्या प्रेक्षकांनाही हितकर आहे.

याच राजाची भूमिका ‘हाइड पार्क ऑन हडसन’ (२०१२) मध्ये सॅम्युएल वेस्ट यांनी केली. चित्रपट सामान्य आहे. पण जून १९३९ च्या अमेरिकाभेटीतला एक प्रसंग विसरता येत नाही. राजा वैतागून आपल्या तोतरेपणाला दूषण देतो. अध्यक्ष रूझवेल्ट तो जणू आपल्या लक्षातच आला नाही असे दाखवितात आणि मग पोलिओने लुळ्या झालेल्या आपल्या पायांचा उल्लेख करतात. वेस्ट येथे फार थोडे करतात. फर्थ यांचा अडसर हा संग्राम आहे. वेस्ट यांचा अडसर ही सवय आहे, ज्याच्याशी माणूस रोज राहतो अशी. प्रसंग उजळतो तो ऐकणाऱ्यामुळे.

ऐकणाऱ्याचे हे महत्त्व ज्या भूमिकेने सर्वांत स्पष्ट केले ती त्याहून जुनी आहे. रोमचा सम्राट क्लॉडियस लंगडा व तोतरा होता. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या १९३४ सालच्या कादंबरीवरून १९३७ मध्ये चार्ल्स लॉटन यांना घेऊन एक चित्रपट काढण्याचा प्रयत्न झाला, तो अपुरा राहिला. लॉटन यांना पात्र सापडेना, तेव्हा त्यांनी आठव्या एडवर्डच्या राज्यत्यागाच्या भाषणाचा आधार घेतला अशी हकीकत आहे. योगायोग पाहण्यासारखा आहे. त्या भाषणाने सिंहासन एका तोतऱ्या भावाकडे गेले, आणि त्याच भाषणात एका नटाने तोतऱ्या सम्राटाचा सूर शोधला. पुढे १९७६ मध्ये बी.बी.सी.च्या मालिकेत डेरेक जेकोबी यांनी क्लॉडियस पूर्ण केला. तेच जेकोबी ‘द किंग्ज स्पीच’ मध्ये आर्चबिशपच्या भूमिकेत आहेत, हेही येथे नमूद करावे.

जेकोबी यांचा अभिनय आज काहीसा भडक वाटेल. मान झटकणे, पाय ओढणे, अक्षरांची आवृत्ती, सर्व आहे. परंतु त्या अडखळण्याला एक वेगळाच अर्थ आहे. सारे त्याला मूर्ख समजतात म्हणूनच विषप्रयोगांच्या त्या घराण्यात तो जिवंत राहतो. हसणारे मरतात, ज्याला हसले तो सम्राट होतो. सम्राट झाल्यावरही त्याची जीभ सुटत नाही. सेनेटपुढे तो म्हणतो की, माणूस काय बोलतो हे तो बोलण्यास किती वेळ घेतो याहून महत्त्वाचे आहे. हे वाक्य तो अडखळतच म्हणतो, आणि सेनेटला थांबून ऐकावे लागते. येथे राजा दोष जिंकून राजा होत नाही. तो राजा आहे म्हणून इतरांना धीर धरणे भाग पडते. आमच्या मते फर्थ यांची कला जेकोबींहून सूक्ष्म आहे. पण जेकोबींच्या भूमिकेमागील विचार अधिक खोल आहे. पहिल्यात वाणी सुधारते, दुसऱ्यात श्रोते सुधारतात.

आणि म्हणूनच राजाची भूमिका ही या बाबतीत खरी कसोटी होय. तोतरा नोकर बोलू लागला तर मालक त्याचे वाक्य पुरे करून टाकतो, तोतऱ्या विद्यार्थ्याचे वाक्य बऱ्याचदा आम्ही शिक्षकच पुरे करतो आणि त्याला दया समजतो. राजाचे वाक्य पुरे करण्याची छाती कोणाची नसते. त्याच्यापुढे थांबावेच लागते. त्या थांबण्यात प्रेक्षकाला प्रथमच कळते की अडखळण्याला काळ लागतो, आणि तो काळ देणे म्हणजे मान देणे. वर्गातल्या मुलाला आम्ही राजा करू शकत नाही. पण राजाला मिळतो तेवढा वेळ त्याला देऊ शकतो. पडद्यावरील नटाने वर्गाला एवढे शिकविले तरी त्याची कला कृतार्थ झाली असे आम्ही समजू.

मराठी रंगभूमीने व चित्रपटाने मात्र हे आव्हान अद्याप नीटपणे पेललेले नाही. आपल्याला राजाचा कणा ताठ हवा, तशी जीभही ताठ हवी. सातवाहनाची कथा आपल्याच गोदाकाठी पडून आहे. तीत हसणारा दरबार आहे, मौन धरलेला राजा आहे, आणि पैज हरल्यामुळे तिन्ही भाषा सोडून मुका झालेला गुणाढ्यही आहे. व्याकरण शिकून आल्यावर राजाने उच्चारलेले पहिले वाक्य कसे असेल? ते एका दमात आलेले, टाळी घेणारे वाक्य असेल, की प्रत्येक संधीपाशी क्षणभर थांबून, जपून टाकलेले असेल? दुसऱ्या प्रकाराने ते वाक्य म्हणणारा आणि त्या थांबण्यात राजाचे राजेपण राखणारा मराठी नट जेव्हा उभा राहील, तेव्हा आपले प्रेक्षागृह त्याच्यासाठी थांबेल की नाही, हे मात्र त्याच्या हाती नाही, आपल्या हाती आहे.